तीन बोटांवरची खाच

“शेतकऱ्यांच्या सहकारी सं सं सं सं सं...”

बाई अडकली ती अडकलीच. मी एस्केप दाबलं, कंट्रोल दाबलं, शेवटी कीबोर्डच्या कडेवर एक चापट मारली. बाईनं आणखी दोनदा “सं सं” केलं आणि ती गप्प झाली.

“गेली?” दादानं स्वयंपाकघरातून विचारलं.

“गेली.”

“किती झालं होतं?”

“चार पानं. त्यातली सेव्ह केलेली दीड.”

बाई म्हणजे माझ्या कॉम्प्युटरमधली बोलणारी बाई. मला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावर जे काही असेल ते ही बाई मला वाचून दाखवायची. मूळची ती हिंदी वाचणारी. मराठी वाचताना सासरी नवीन आल्यासारखी बिचकायची आणि माळेला खुशाल माला म्हणायची. तरी आमचं बरं चाललं होतं. पण त्या आठवड्यात तिनं मला अगदी रडकुंडीला आणलं होतं.

ही गोष्ट दोन हजार बारा सालची. आम्ही कराडजवळ ओगलेवाडीत राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि दादा. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच. पुण्याच्या एका संस्थेकडं जुन्या माणसांच्या मुलाखतींच्या टेपा होत्या. त्या ऐकून टाईप करायला त्यांना माणसं हवी होती. त्यांनी मला चाचणी म्हणून दहा टेपा दिल्या होत्या. शनिवारी संध्याकाळपर्यंत दहाही पाठवायच्या, काम पसंत पडलं तर पुण्याच्या ऑफिसात नोकरी आणि राहायला मुलींचं वसतिगृह. सहा झाल्या होत्या. चार राहिल्या होत्या. आणि आज गुरुवार होता.

पुण्याचं नाव काढलं की दादा म्हणायचा, “आधी चाचणी तर होऊ दे.” हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. आमचा दादा, धैर्यशील यादव, हा जगातला सगळ्यात चांगला भाऊ होता आणि त्यानं मला अगदी जेरीस आणलं होतं. माझ्या चहातली साखर तो ढवळायचा. माझ्या भाकरीचे तुकडे तो करायचा. मी बावीस वर्षांची होते आणि गॅस पेटवायला मला बंदी होती. कशालाही हात घातला की मागून आवाज यायचा, “राहू दे, मी करतो.”

तेव्हाही तेच झालं.

“याला मेमरी कमी पडतेय,” मी म्हटलं. “संस्थेतल्या मॅडम म्हणाल्या, रॅम वाढवा. अर्ध्या जीबीवर हे सॉफ्टवेअर आणि टेप एकदम चालत नाही. मी कुणाला तरी विचारते.”

“राहू दे, मी आणतो,” दादा म्हणाला आणि मोटारसायकल काढून गेलासुद्धा.

दीड तासानं आला तो खुशीत होता. “दोन जीबी!” त्यानं दारातूनच जाहीर केलं. “दुकानदार विचारत होता, कुठली देऊ? म्हटलं, चांगली द्या. तुझ्यात अर्धा आहे. म्हणजे आता चौपट.”

“पाचपट. जुनी राहणारच ना आत.”

“बघ! पाचपट.”

दादा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. गाडी काट्यावर चढली की भरलेली किती, रिकामी किती, हे त्याच्याइतकं चोख कुणी सांगत नसे. दोन जीबी म्हटल्यावर त्याच्या दृष्टीनं विषय संपलेला होता.

त्यानं कॅबिनेट आडवं केलं, स्क्रू काढून वाटीत टाकले आणि आतल्या धुळीनं त्याला सात शिंका आल्या. मी शेजारी जाऊन बसले.

“दादा, मला जरा हात लावून बघू दे.”

“राहू दे. आत सगळं धारदार असतं. मी करतो.”

मग नुसते आवाज. रॅमची पट्टी घासल्याचा. दादाच्या श्वासाचा. पुन्हा पट्टीचा. “बसत का नाही ही?” असं तो पुटपुटला.

“उलटी करून बघ.”

“बघितली.”

“मग जोर लावू नकोस.”

पण जोर लावून झाला होता. सुपारी फुटावी तसा ‘कट्’ आवाज आला.

“काय मोडलं?”

“काही नाही.”

“दादा, मला दिसत नाही. ऐकू येतं.”

“एक प्लास्टिकचा कान होता गं कडेला. तो निघाला.” मग घाईनं म्हणाला, “पट्टीला आत दोन जागा आहेत. जुनी काढून तिच्या जागी नवी लावून बघतो.”

मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं जुनी उपटली. नवी तिथंही बसली नाही. जुनी परत ठेवली, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटरनं एक लांबलचक शिट्टी मारली. थांबला, पुन्हा मारली. बाई काही आली नाही.

सकाळी बाई निदान अडखळत बोलत होती. आता ती मुकी झाली होती. मी तिथंच फरशीवर बसून राहिले आणि माझ्या मनात एक फार वाईट विचार आला. दादानं हे मुद्दाम तर केलं नसेल? मशीनच बंद पडली तर चाचणी नाही, आणि चाचणी नाही तर पुणं नाही. मी तो विचार बोलून दाखवला नाही. पण दादा मनातलं ओळखण्यात हुशार होता.

“चल,” तो म्हणाला. “मंडईमागं मणेरांचं दुकान आहे. तूही चल.”

तो मला सहसा दुकानात वगैरे नेत नसे. त्या दिवशी नेलं ते मला वाटतं अपराधी वाटल्यामुळं. मोटारसायकलवर पुढं दादा, मागं मी आणि आमच्या दोघांमध्ये कॅबिनेट, अशी आमची वरात कराडात शिरली.

दुकानात पाय टाकला आणि मी थबकले. मला वाटलं आपण चुकून दुसरीकडं आलो. काचेच्या बांगड्यांची किणकिण, नव्या पुठ्ठ्याचा वास आणि बायकांचा घासाघिशीचा आवाज.

“बरोबर आलोय,” दादा म्हणाला. “पाटी आहे बघ... म्हणजे आहे. मणेर बांगडी भांडार. आणि खाली लिहिलंय, येथे कॉम्प्युटर दुरुस्त होतील.”

दुकानाचा पुढचा निम्मा भाग बांगड्यांचा होता, तिथं गादीवर अम्मी बसायच्या. मागचा निम्मा कॉम्प्युटरचा, तिथं त्यांचा मुलगा जैनुद्दीन. त्यांना सगळे जैनूभाई म्हणत. वय चाळिशीच्या पुढं असावं. आवाज पोटातून येणारा, सावकाश. त्यांनी कॅबिनेट उघडलं.

“ही कुणी बसवली?”

दादानं घसा खाकरला.

“साहेब, ही बसवली न्हाई. ही कोंबलीया.”

“दुरुस्त होईल ना?” मी विचारलं.

“एक स्लॉट गेला. कान मोडलाय आणि आतनं बी खरवडलाय. दुसरा चांगला हाय. जुनी पट्टी अर्धवट बसलीया म्हनून वरडतंय. बसा जरा.”

तेवढ्यात पुढून अम्मींनी हाक मारली. “ए पोरी, हिकडं ये. तंवर माज्यापाशी बस.”

त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला. मणेरीण माप घेते तसा अंगठ्याखालचा उंचवटा दाबला, बोटं एकत्र जवळ घेऊन बघितली आणि म्हणाल्या, “दोन-चार.” बांगडीच्या मापाच्या कड्या असतात, त्या त्यांनी हातातही घेतल्या नाहीत. हात धरून ठेवला म्हणून असेल, किंवा मनातलं कुणाशी बोलले नव्हते म्हणून असेल, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. टेपा, शनिवार, पुणं, ‘आधी चाचणी तर होऊ दे’.

त्या ऐकत होत्या आणि माझा तळहात चाचपत होत्या.

“बोटं शहाणी हायत तुजी,” त्या म्हणाल्या. “वाचतीस नव्हं बोटानं? कळतंय. पर तळवा पाव्हण्याचा हाय, काम न केल्याला. घरात कशाला हात लावू देत न्हाईत व्हय गं?”

“तिला काय कमी आहे आमच्याकडं?” दादा मागून तटकन म्हणाला.

“कमी न्हाई, म्हनून तर इचारतीया.”

आमच्या दादाचं तोंड असं बंद झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग अम्मी घरातल्या बोलीत मुलाला म्हणाल्या, “जैनू, इसके हातां देख जरा.”

मागं एक खण उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग जैनूभाई माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“ताई, हात पुढं कर. दोन्ही. त्याआधी ह्या कॅबिनेटच्या लोखंडाला हात लाव. अंगातली वीज जाऊ दे, न्हाईतर पट्टी मरती. हां. आता ह्या दोन पट्ट्या घे. एक तुजी जुनी, एक दादानं आणल्याली. काय फरक हाय सांग.”

“अहो, तिला दिसत नाही,” दादा म्हणाला.

“मला ठावं हाय. मी डोळ्यास्नी कुठं इचारलं? हातास्नी इचारलं.”

दोन्ही पट्ट्या सारख्याच लांब होत्या. अर्ध्या वितीहून जराशा मोठ्या, फूटपट्टीसारख्या पातळ. एका कडेला बारीक दात्यांची रांग, आणि त्या रांगेत मध्येच एक खाच. मी जुनीवर बोटं आडवी ठेवून मोजलं, मग नवीवर. पुन्हा मोजलं.

“खाच सारखी नाही,” मी म्हटलं. “जुनीची जवळजवळ मधोमध आहे. कडेपासून चार बोटं. नवीची सरकलीय. तीन बोटांवर आहे.”

“आता आत हात घाल. हितं. ही फट घावली? तिच्यात आडवा दात असंल.”

होता. कडेपासून चार बोटांवर.

“मग?” जैनूभाईंनी विचारलं.

“मग दादाची बसणारच नाही. जन्मात नाही.”

“ऐकलं का साहेब? तो दात कशापायी ठेवलाय? चुकीची पट्टी आत जाऊ नये म्हनून. तुमी दातच पाडाय निघालता.”

“मी नीट दोन जीबी बघून आणली हो,” दादा कळवळून म्हणाला.

“किती त्ये बघितलं. कुठली त्ये न्हाई बघितलं. दुकानदारानं इचारलं आसंल की.”

“विचारलं होतं,” मी म्हटलं. “दादा म्हणाला, चांगली द्या.”

जैनूभाई हसले नाहीत, पण अम्मी हसल्या. मग जैनूभाईंनी समजावून सांगितलं. माझ्या कॉम्प्युटरमधला बोर्ड डीडीआर-टू जातीचा, दादानं आणलेली डीडीआर-थ्री. नवीच होती, झकास होती, पण माझ्या मशीनला तिचा काही उपयोग नव्हता. जात जुळली की मग बोर्डाला किती झेपतं ते बघायचं. माझ्या बोर्डाला एका स्लॉटमध्ये दोन जीबीपर्यंत चालायचं, चारची लावली तर तो घेणार नाही. वेग आठशेचा मिळाला तर उत्तम, सहाशे सदुसष्टचा मिळाला तरी चालेल. आणि आता स्लॉट एकच उरलाय, तेव्हा एकच पट्टी आणि तीही दोनचीच पाहिजे.

“आहे तुमच्याकडं?”

“आसंल,” जैनूभाई म्हणाले. “ह्या डब्यात आसंल.”

माझ्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा येऊन पडला. तो पट्ट्यांनी गच्च भरला होता.

“जुन्या मशीनींच्या काढल्याल्या हायत. पन्नासभर आसत्याल. निम्म्यांची लेबलं गेल्यात, निम्म्यांची खोटी. तूच काढ तुजी.”

मला रागच आला. “भाई, मला परवापर्यंत चार टेपा टाईप करायच्यात. तुम्ही नजर टाकलीत तर दोन मिनिटांत काढाल.”

“मी हिकडं दुसऱ्याची मशीन उघडून बसलोय. आणि ताई, पुण्यात मशीन बंद पडली तर तितं कोन काढून देनार? दादा?”

मी वाट बघत राहिले. आता दादा म्हणेल, राहू दे, मी करतो. खरं सांगायचं तर त्या दिवशी, आयुष्यात एकदाच, मला ते वाक्य हवं होतं. पण दादा काही बोलला नाही. मला वाटलं, रुसला. अम्मींचं बोलणं लागलं असणार. मनात म्हटलं, रुस. आणि डब्यात हात घातला.

सुरुवातीला नुसता गोंधळ झाला. मग हळूहळू बोटांना रीत सापडत गेली. काही पट्ट्या निम्म्याच लांबीच्या होत्या, “त्या लॅपटॉपच्या,” जैनूभाई तिकडून म्हणाले. त्या बाजूला. तीन बोटांवर खाचवाल्या बाजूला. उरल्या मधोमध खाचवाल्या, पण त्यातही दोन जाती निघाल्या.

“भाई, यांचे दाते सारखे नाहीत. नख फिरवलं तर काहींचे विरळ लागतात आणि काहींचे दाट.”

तिकडं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. “इरळ त्या लई जुन्या, डीडीआर-वन. त्या काढ. मला बगून सांगाय वेळ लागतो गं त्ये.”

एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले, पण माझी मान ताठ झाली. दाटवाल्या सतरा उरल्या. “दोन जीबीच्या कशा ओळखायच्या?” मी विचारलं.

“पक्कं सांगता येत न्हाई. पर एका अंगाला चिपांच्या काळ्या वड्या आसतील तर भौतेक एक जीबीची. दोन्ही अंगांस्नी आसतील तर दोनची आसाय हरकत न्हाई.”

दोन्ही अंगांनी वड्या असलेल्या चारच निघाल्या. मी त्या चार मांडीवर ओळीनं ठेवल्या आणि माझे हात धुळीनं काळे झाले असणार या विचारानं मला फार बरं वाटलं.

“आता खोडरबर घे,” जैनूभाईंनी माझ्या हातात शाळेतला खोडरबर दिला. “दाते पूस. जोरात न्हाई. हां. आता कान उघड, दोन्हीकडचं. खाच दाताशी जुळव. आणि ऐक, कोंबायची न्हाई. भरायची.”

“भरायची?”

“अम्मी बांगडी भरती तशी. हात ढिला सोडायचा, पट्टी आपसूक वळणावर येती. मग दोन्ही अंगठं एकदम.”

पहिली पट्टी मी भरली. दोन्ही कान टक् टक् करून मिटले. जैनूभाईंनी बटण दाबलं आणि तीच लांबलचक शिट्टी आली. मला वाटलं, मीच काहीतरी मोडलं. शेजारी कुणाचा तरी पाय झटकन पुढं सरकला आणि थांबला.

“पट्टीच मेलीया,” जैनूभाई शांतपणे म्हणाले. “तुजं काय चुकलं न्हाई. दुसरी.”

दुसरी लागली. शिट्टी छोटी, एकच. “एक जीबी,” ते म्हणाले. “चालंल, पर नगं. तिसरी बग.”

तिसरीला मला कुणी काही सांगितलं नाही. मी लोखंडाला हात लावला, दाते पुसले, कान उघडले, चार बोटं मोजली, अंगठे दाबले. टक्. टक्. बटणही मीच शोधलं आणि दाबलं. एकच छोटी शिट्टी. मग पंख्याची घरघर. मग बराच वेळ काही नाही.

“दोन,” जैनूभाई म्हणाले. “दोन जीबी. आठशेची हाय पोरी! मला ठावं बी नव्हतं डब्यात आठशेची हाय.”

त्यांनी स्पीकर जोडले. आणि बांगड्यांच्या त्या दुकानात माझी बाई खणखणीत आवाजात बोलू लागली. मी माझी फाईल उघडली. ‘शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था’ हे शब्द ती एका दमात, न अडखळता म्हणाली. मला रडू आलं. पुढं गिऱ्हाइकं होती, पण मला काही लाज वाटली नाही.

अम्मींनी उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “रडतीस काय येडे? आपल्या हातानं केलंस की.”

घरी जाताना दादा एक शब्द बोलला नाही. घरी पोचल्यावरही नाही. मी टेपा ऐकत बसले. शनिवारी दुपारी चार वाजता दहावी पाठवली, मुदतीच्या दोन तास आधी.

पुढं मी पुण्याला आले आणि इथलीच झाले. आज आमच्या संस्थेत बावीस मशीन आहेत. एखादी शिट्टी मारायला लागली की लोक इंजिनियरला फोन करायच्या आधी मला बोलावतात. नवीन रॅम मागवायची असली की मी आधी बोर्डाचा नंबर विचारते. डोळस पोरं “आठ जीबी घ्या ना मॅडम, सोळा घ्या” म्हणतात आणि मी त्यांना गप्प बसवते. जैनूभाईंना मी दर ईदला फोन करते. मी समजत होते की मला त्या दिवसातलं सगळं माहीत आहे. मागच्या वर्षी त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी आणि दादा दोघंही गेलो होतो. जेवताना दादा सहज म्हणाला, “या माणसानं त्या दिवशी तुला किती बनवलं!”

“म्हणजे?”

“अगं, त्याच्याकडं तुझी रॅम होती. नवीकोरी, पाकीटबंद, दोन जीबी. अम्मींनी सांगितल्यावर त्यानं खण उघडला, पाकीट काढलं, मला दाखवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि परत आत टाकलं.”

माझा घास हातातच राहिला. डोळस माणसांचा मला एरवीही राग येतो, ते असे माझ्या नाकासमोर खुणा करतात म्हणून. त्या क्षणी तर फारच आला. जेमतेम दोन दिवस हातात असताना या लोकांनी मला डबा उपसायला लावला होता!

“आणि तू गप्प बसलास?”

“आधी बोलणारच होतो. म्हणणार होतो, हा काय फाजीलपणा, द्या ते पाकीट. पण तू डब्यात हात घातलास. मग बघत बसलो.”

“दोन तास?”

“सव्वा तास. मी काट्यावरचा माणूस आहे.” दादानं पाण्याचा घोट घेतला. “पहिल्या पट्टीला शिट्टी वाजली तेव्हा मी पुढं झालो होतो. तुझा चेहरा बघवेना. तर अम्मींनी माझं मनगट धरलं. म्हातारीचा हात म्हणजे पक्कड होती गं. सुटेपर्यंत तू दुसरी लावलीस.”

माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. जैनूभाईंचे उपकार मी आधीपासून मानत होते. अम्मींचे तर होतेच, त्या आता नाहीत. पण दादा बारा वर्षं माझ्या हिशेबी त्या दिवशी रुसलेला होता. माझ्यासाठी धावत सुटणं हे त्याला काहीच कठीण नव्हतं, ते तो रोज करायचा. एक सव्वा तास हात बांधून उभं राहणं त्याला किती जड गेलं असेल, हे मला त्या पंगतीत बसून कळलं. मी त्याला “थँक्यू” म्हटलं. आमच्याकडं बहीणभावांत असलं काही म्हणायची पद्धत नाही. तो “जेव गप” म्हणाला.

आणि मग मला त्यानंतरचा आणखी एक दिवस नव्यानं समजला, जो मी इतकी वर्षं नुसता आनंदाचा म्हणून आठवत होते. टेपा पाठवल्यानंतर अकराव्या दिवशी पुण्याहून फोन आला, सोमवारपासून रुजू व्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मला घेऊन कराडच्या एसटी स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीपाशी गेला. मागं लांब रांग होती. खिडकीतल्या माणसानं माझं सवलतीचं कार्ड बघितलं.

“पुणे. एक अंध सवलत. आणि सोबत्याचं एक, तेही सवलतीत बसतं. सोबती तुम्हीच ना? नाव सांगा.”

दादा सुटे पैसे मोजत राहिला.

“अहो साहेब, रांग आहे मागं. सोबत्याचं नाव?”

“सोबती नाही,” दादा म्हणाला. “ती एकटी जाणार आहे.”

“एकटी?”

“हो. एकच द्या.”

तिकिटाचा कागद फाडल्याचा आवाज आला. माझी कार्डं, पैसे, घराच्या किल्ल्या, माझं म्हणून जे काही होतं ते आजवर दादाच्या खिशात असायचं. मी सवयीनं चालू लागले. त्यानं मला थांबवलं, माझी मूठ उघडली आणि तिकीट तळहातावर ठेवून मूठ पुन्हा मिटली.

“नीट धर,” तो म्हणाला. “हरवलं तर तुझं तू बघायचं.”